पाणी पिणाऱ्याचं नाव

लिवादी, नू नदीचा डोंगर
६ मार्च २०००

अदू,

तू पाठवलेला चष्मा आगटीत पडून वितळला, आणि बरं झालं. आमाने नाकावर चढवला, लापशी ढवळायला वाकली, आणि तो घसरला थेट निखाऱ्यात. मी चिमटा शोधेपर्यंत त्याचा गोळा झाला. एक काच अजून लोखंडी तिवईच्या पायाला चिकटून बसली आहे, खरवडून निघत नाही. किती वेळा लिहिलं तुला, की आईच्या डोळ्यांना काय होतंय ते तिथल्या एखाद्या डॉक्टराला विचार आणि कळव. तर तू रस्त्यावरच्या हातगाडीवरून चष्मा उचलून पाठवतेस. म्हणजे मी लिहायचं की पाय मोडलाय, आणि तू बूट पाठवायचे.

पुन्हा एकदा लिहिते, नीट वाच. आमाचा डावा डोळा गेला. अंधुक वगैरे नाही, गेला. उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखा दिसतो. मी त्याच्यासमोर हात नाचवला तर ती म्हणाली, "वारा कशाला घालतेस?" आता उजव्याचंही तेच सुरू झालंय. दिवस मावळला की भुवई दाबून बसते, ओकते, कुणी बोललेलं चालत नाही. झोपून उठली की पुन्हा ठीक. पहिल्यांदा मला वाटलं सणाच्या कोंबडीतलं तेल बाधलं. पण आता कोंबडी कुठली आणि सण कुठला. परवा वाडग्याच्या शेजारी लापशी ओतली आणि शिव्या मांजराला दिल्या.

हा एकच डोळा आहे तिच्याकडे, अदू. तोही गेला तर मी शेतावर कधी जायचं, डुकरांना कोण बघणार, तिला झऱ्यावर कोण नेणार. मला शेहेचाळीस उलटली, आणि माझ्या नवऱ्याला कपभर पाणी आपल्या हाताने घेता येत नाही. तुझा नवरा वारल्यावर तू गाडीत बसलीस आणि सुटलीस. माझी गाडी कुठाय?

आणि तुझं पत्र बघ. पानभर कागद आणि चार ओळी. बटाट्याएवढी अक्षरं. मी चर्चच्या वर्गात एक हिवाळा बसले तेवढंच माझं शिक्षण, तू शाळेत गेलीस चांगली, आणि माझं अक्षर तुझ्याहून लहान. कागद भरायचा कंटाळा आला की असं करतात, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

डोळ्यांचे डॉक्टर खालच्या बाजारात येणार आहेत म्हणतात. तिला टोपलीत बसवून, पट्टा कपाळाला लावून मीच उतरवणार, दुसरं कोण आहे. तोवर तू विचारून लिही. चष्मा पाठवू नकोस.

अना

दोंगग्वान, कारखाना, मुलींची खोली
२ एप्रिल

अनाताई,

बूट वितळले हे वाचून वाईट वाटलं. पाय कसा आहे?

रागावू नकोस, थट्टा केली. तुझं पत्र मी खोलीतल्या मुलींना वाचून दाखवते. त्यांना आपली भाषा कळत नाही, पण तुझा सूर कळतो. त्या म्हणतात, तुझी बहीण नक्की कुठेतरी मुकादम आहे.

डॉक्टराला विचारायचं म्हणतेस, तर कारखान्याच्या दवाखान्यात एक गृहस्थ बसतात, ते सगळ्यांना एकच पिवळी गोळी देतात. पोट दुखलं तरी तीच, बोट कापलं तरी तीच. त्यांना आमाचं काय सांगू? बाजारातल्या डॉक्टरांना दाखव, ते शिकलेले असतील.

माझी बढती झाली. आम्ही दिव्यांच्या माळा बनवतो हे तुला ठाऊक आहे, त्या नाताळासाठी समुद्रापलीकडे जातात. आता मी तपासणीला बसते. काळ्या पडद्यांची खोली असते, समोर माळा टांगून पेटवतात, आणि जिच्यात खोट दिसेल ती ओढून बाजूला टाकायची. दिवसभर बसून काम. आमाला सांग, तिची धाकटी दिवसभर चांदण्या निवडते आणि त्याचे पैसे मिळतात.

अक्षर मोठं आहे कारण खोलीतला दिवा मिणमिणता आहे. कंटाळा नाही. संध्याकाळी डोकं जरा दुखतं, इथलं खाणावळीतलं तेल घाणेरडं आहे, पोटात ढवळतं. झोपलं की उतरतं.

आमाला संध्याकाळी एकटीला बाहेर जाऊ देऊ नकोस. दाराशी उतार आहे.

अदू

लिवादी
१४ मे

अदू,

डॉक्टर येऊन गेले. फुकट गेला सगळा खटाटोप, आणि वर अपशकुन पदरात.

सकाळी निघाले. आमा टोपलीत बसून सगळ्या वाटेभर मला रस्ता सांगत होती, जसा काही तिलाच दिसतोय. "डावीकडे दगड आहे." तो दगड बाबा होते तेव्हाच काढलाय. बाजारात तंबू, तंबूपुढे रांग, सगळे आपल्याच डोंगरातले म्हातारे-म्हाताऱ्या. डॉक्टर मैदानी मुलखातले, भला माणूस वाटला, पण आपली बोली एक शब्द येत नाही. दुभाष्या म्हणून आपला मू मास्तर. त्याला खुर्ची दिली होती, त्यामुळे तो आणखीच फुगला होता. दाब मोजायचं यंत्र वाटेत धक्के खाऊन बिघडलं म्हणे, म्हणून सगळं विचारूनच चाललं होतं. दुखतं का, पाणी येतं का, लाल होतो का. मग डॉक्टराने काहीतरी विचारलं आणि मास्तराने आपल्या बोलीत मोठ्याने सांगितलं, की रात्री दिव्याभोवती तो दिसतो का.

तो म्हणजे तोच. पावसात ऊन पडलं की डोंगरावरून वाकतो आणि झऱ्याला तोंड लावतो, तो सात रंगांचा पाणी पिणारा. मास्तराने 'तो' नाही म्हटलं, नाव घेतलं. भर बाजारात, सरळ नाव. मी काही ते कागदावर उतरवणार नाही, तुला माहीत आहे. माणूस आपल्यातलाच आहे, त्याची आजी बोट दाखवू द्यायची नाही, बोट सडतं म्हणायची, आणि हा खुर्चीवर बसून विचारतो, घरात दिसतो का, दिव्यावर बसतो का.

मागची बूमा मावशी थुंकली. आमाचा चेहरा असा झाला की मला वाटलं टोपलीतच जाते. ती म्हणाली, "आमच्या घरात असलं काही येत नाही." मीही म्हटलं, नाही. मग रांगेत एकेक जण, विचारायच्या आधीच, नाही, नाही, नाही. डॉक्टर बिचारा खूश. त्याने लिहून घेतलं आणि सांगितलं, म्हातारपणाचा मोतीबिंदू आहे, उजवा पिकू दे, मग काढू. थेंबांची बाटली दिली.

परत येताना आमाने दगडसुद्धा सांगितले नाहीत. पाद्री म्हणतो हे जुनं खूळ आहे, टाकून द्या. पाद्र्याच्या अंगणावर तो उमटला की पाद्रीसुद्धा हात खिशात घालतो, मी बघितलंय.

थेंबांनी काही फरक नाही. काल पुन्हा ओकली.

अना

दोंगग्वान
२५ जून

ताई,

तुम्ही दोघी नाही म्हणालात ते फार बरं केलंत. फार बरं केलंत. मास्तराला काही कळत नाही. आमाला सांग, त्याचा विचारसुद्धा मनात आणू नकोस, आणि कुणी पुन्हा विचारलं तर पुन्हा नाहीच म्हण. ज्याने त्याला घरात पाहिलं आणि तोंडाने सांगितलं, त्याच्या घरातलं माणूस जातं. तू विसरली असशील. मी नाही विसरले. झऱ्यावर मीच ओरडले होते, बाबा बघा, आपलं पाणी पितोय. नाव घेऊन ओरडले होते. आणि त्याच हिवाळ्यात बाबा नदी ओलांडायच्या दोरावरून पडून गेले. तेव्हा मला कुणी काही म्हटलं नाही. कुणी काही म्हटलं नाही, म्हणूनच मला ते जास्त लक्षात आहे.

जाऊ दे. इकडची गंमत सांगते. माझी बढती परत घेतली. मुकादमीण म्हणाली, मी धडधाकट माळा बाद करते. बाद केलेल्या माळा तिने पुन्हा टांगून बघितल्या. म्हणाली, "यात काय खोट दिसली तुला?" मी काय सांगणार. म्हटलं, मला बऱ्या दिसल्या नाहीत. आता सगळ्या मला डोंगरची राजकन्या म्हणतात. "हिला दिवेसुद्धा पसंत पडत नाहीत, दुसरा नवरा कसा पसंत पडायचा." खोकी भरायला बसवलंय मला. तिथे खिडकी आहे, उजेड आहे, बरं वाटतं.

आमासाठी लोकरीची टोपी पाठवते. ही वितळत नाही.

अदू

लिवादी
२ ऑक्टोबर

अदू,

तीन महिने लिहिलं नाही म्हणून रुसली असशील तर रुसून घे, मग पुढे वाच. आमा आहे. उजव्या डोळ्याने दिसतंय. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू शेवटचं पान आधी उघडशील.

ऑगस्टात पाऊस लागला, दरड कोसळली, गावातली वीज गेली ती आलीच नाही. आम्ही सगळे अंधारात आगटीभोवती. दुसऱ्या संध्याकाळी आमाने डोकं जमिनीवर आपटायला सुरुवात केली. खरंच आपटायला. उजवा डोळा लालभडक, हाताला दगडासारखा कडक. म्हणाली, "अना, तू कुठे आहेस?" आणि मी तिच्यासमोरच होते.

उजाडल्यावर टोपली उचलली. दरडीपर्यंत चालत, पलीकडे ट्रक, मग गाडी, मग दुसरी गाडी, थेट दाली शहर. डुक्कर विकलं, मोठं. आमची वाटभर भांडणं. ती म्हणे मला इथेच ठेव, मी म्हटलं, इथे ठेवलं तर तुला उचलणाराही मैदानातला असेल, त्याला तुझ्या शिव्या कळायच्या नाहीत.

इस्पितळात दुआन म्हणून डॉक्टरीण आहे, तरुण, घाईची. मला आवडली. तिनेही तोच प्रश्न विचारला. दिव्याभोवती रंगीत कडं. चिनीत विचारलं, तेवढं मला समजतं. मी आमाला सांगितलं. आमा म्हणाली, नाही. डॉक्टरीण म्हणाली, पुन्हा विचारा. आमा म्हणाली, नाही, आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरीण माझ्याकडे बघते, मी आमाकडे बघते, आमा भिंतीकडे बघते, आणि डोळा तर तिचा एका बाजूला मरतोय.

मग माझं डोकं फिरलं. मी गळ्यातली मण्यांची माळ काढली, बाजाराच्या दिवशी घालते ती, लाल-पिवळी-हिरवी-निळी, आणि टेबलावरच्या दिव्याभोवती नीट गोल मांडली. आमाचं तोंड धरून फिरवलं. म्हटलं, "नाव घेऊ नकोस. कुणी घेत नाहीये. असं दिसतं का? मान हलव."

तिने मान हलवली. आणि मग रडायला लागली. मला म्हणाली, बरेच हिवाळे झाले. आगटीवर, दिव्यावर, चंद्रावरसुद्धा. ती रोज संध्याकाळी त्याला घरात बसलेला बघत होती आणि आपल्या घरातलं कोण जाणार याचा हिशोब करत होती. म्हणून ती मला दोरावरून पलीकडे जाऊ द्यायची नाही, आणि मी समजत होते म्हातारीचं डोकं चालत नाही.

डॉक्टरणीने काय सांगितलं ते आता ऐक. डोळ्यात पाणी असतं, शेतात असतं तसं, आणि ते जायला बारीक पाट असतो. काहींचा पाट जन्मापासून अरुंद. अंधारात बसलं की बाहुली मोठी होते, पाटाचं तोंड लागतं, पाणी तुंबतं, डोळा फुगतो. तेव्हा दिव्याभोवती तो दिसतो. तो घरात आलेला नसतो. तो डोळ्यात तुंबलेल्या पाण्यातून दिसतो. दुखणं, ओकणं सगळं त्याचंच. झोपेत बाहुली लहान होते म्हणून उतरतं. पण दर वेळी डोळा थोडा थोडा मरतो, आणि मेलेला परत येत नाही. डावा परत येणार नाही. उजव्यात तिने उजेडाच्या सुईने एक बारीकसं भोक पाडलं, पाणी जायला दुसरी वाट. काही वेळ लागला नाही. आमा बाहेर येऊन म्हणाली, "एवढंच? यासाठी डुक्कर विकलंस?"

डॉक्टरीण म्हणाली, घरात आणखी कोण? माझ्याही डोळ्यात बघितलं. माझाही पाट अरुंद. माझ्याही दोन्ही डोळ्यांत भोकं पाडली त्याच दिवशी, दुखायच्या आधीच. म्हणाली, सख्ख्या बहिणींना असतंच बहुधा. तर तूही एकदा दाखवून घे. घाई नाही. तुझ्याकडे इस्पितळं दाराशी आहेत, आणि कारखान्यात दिवेच दिवे, तुला अंधाराची काय भीती.

बूमा मावशीला आणि रांगेतल्या सगळ्यांना मी आता घरोघर जाऊन माळ दाखवते. मास्तर म्हणतो मी त्याचं काम करते. मी म्हटलं, तू केलं असतंस तर मला करायला लागलं नसतं.

अना

दोंगग्वान
१ नोव्हेंबर

ताई,

आमाचा डोळा राहिला. पत्र वाचून मी जिन्यात बसून रडले. तू आहेस म्हणून राहिला.

मला तसलं काही दिसत नाही. काळजी करू नकोस.

सध्या हंगाम आहे, माणसं कमी पडतात, मला पुन्हा तपासणीला बसवलंय, दोन पाळ्या. या खेपेला मुकादमीण माझ्यावर खूश आहे. मी एकही माळ बाद करत नाही. सगळ्या सारख्याच दिसतात, सगळ्या पास करते. इथल्या मुली चालताना बघत नाहीत, डाव्या बाजूने येऊन धडकतात आणि वर मलाच बोलतात.

कुओशीच्या सणाला यायला जमणार नाही. माझ्या वाटची भाकरी दगडावर भाज आणि तूच खा.

पाकिटावरचा पत्ता खोलीतल्या मुलीने लिहिलाय, तिचं अक्षर छान आहे.

अदू

लिवादी
२१ नोव्हेंबर

अदू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते वाचून खिशात घातलं आणि डुकरांकडे गेले. काही कळलं नाही मला. मूर्ख तूही आणि मीही.

काल आमाला बाजारात नेलं, पायी, टोपलीशिवाय. ती पुढे आणि मी मागे. पोस्टाच्या शेजारच्या दुकानदाराने सणासाठी दारावर दिव्यांची माळ लावली आहे. तुझ्याच कारखान्यातली असेल नाहीतर नसेल. आमा तिच्यासमोर उभी राहिली ती हलेना. मला वाटलं पुन्हा दुखतंय. तर म्हणाली, "साध्याच आहेत की गं. मागच्या वर्षी याच दुकानात बघितल्या होत्या तेव्हा एकेक दिवा गळ्यात रंगीत माळ घालून बसला होता. मला वाटलं बिघडलेल्या आहेत. मी दुकानदार असते तर सगळ्या फेकून दिल्या असत्या."

मी तिथेच उभी राहिले. लोकांच्या गाढवांनी मला ढुशा दिल्या तरी हलले नाही.

चांगल्या माळा बाद करते. मुकादमीण विचारते काय खोट दिसली, आणि डोंगरची राजकन्या सांगत नाही, कारण सांगायचं तर नाव घ्यायला लागतं. तू त्यांना खोटसुद्धा सांगितली नाहीस, अदू. दिवे पसंत नाहीत म्हणून हसू करून घेतलंस आणि गप्प बसलीस. काळ्या पडद्यांची खोली तू एप्रिलमध्येच लिहिली होतीस, आणि मी दिवे तेवढे वाचले, पडदे वाचले नाहीत. संध्याकाळी डोकं. पोटात ढवळणं. झोपलं की उतरतं. आमाचं दुखणं तू मला जसंच्या तसं लिहून पाठवलंस आणि मी अक्षर मोठं म्हणून तुला बोलले. आणि आता म्हणतेस सगळ्या सारख्या दिसतात. सगळ्याच दिव्यांच्या गळ्यात रंगीत माळा आहेत, म्हणून सारख्या. मुली डाव्या बाजूने धडकत नाहीत, तुला डावीकडचं दिसत नाहीये. 'तसलं काही दिसत नाही' म्हणे. हे वाक्य मी किती वेळा वाचलं, आणि दर वेळी शेवटचे दोनच शब्द खरे वाटतात.

मी लगेच पोस्टातून कारखान्यात फोन लावला. दारावरचा माणूस म्हणाला, नाव सांगू नका, नंबर सांगा, इथे सगळ्यांना नंबर आहेत. मी म्हटलं, अदू, लिवादीची, चौथी मुलगी. त्याने ठेवून दिला.

आता बाबांचं. हे मी एकदाच लिहिणार आहे. दोर कुजला होता. सगळ्या गावाला माहीत होतं. बाबांनी त्या आठवड्यात दोनदा म्हटलं होतं बदलायला हवा, आणि तिसऱ्यांदा मिठाचं पोतं घेऊन त्याच दोरावरून गेले, कारण ते तसेच होते, थांबायचं नाही, मी कुणावर गेले असं तुला वाटतं? तू सात वर्षांची होतीस. तुझ्या ओरडण्याने दोर तुटला असता तर माझ्या ओरडण्याने हा डोंगर कधीच नदीत गेला असता.

संध्याकाळी मी आमाला सगळं सांगितलं. लपवायचा विचार होता, पण ती आता माझं तोंड बघू शकते. ती आगटीत लाकूड सारून बसली. मग ताठ झाली आणि त्याचं नाव घेतलं. मोठ्याने, घरात, आगटीसमोर. मी श्वास धरून बसले. मांजर शिंकलं. एवढंच झालं. आमा म्हणाली, "नाव न घेता माझ्या मधल्या दोन पोरी गेल्या. नाव न घेता डोळा गेला. आता घेऊन बघते." मग पुन्हा घेतलं. जेवताना पुन्हा. माझा नवरा उठून बाहेर गेला, आणि परत येताना आपल्या हाताने पाणी घेऊन आला, एवढा घाबरला.

आता मी लिहिते. इंद्रधनुष्य. वाचलंस? इंद्रधनुष्य. चर्चच्या वर्गात हा शब्द कुणी शिकवला नाही, कसा लिहायचा ते मीच ठरवलं. माझं बोट शाबूत आहे, आमा शेजारी अक्रोड फोडते आहे, घर उभं आहे.

तर आता काय करायचं ते ऐक. हे पत्र मिळेल त्या दिवशी त्या काळ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मुकादमीण काय म्हणते ते म्हणू दे. सोबत दुआन डॉक्टरणीच्या हातची चिनीत लिहिलेली चिठ्ठी आहे, तिने मला तेव्हाच दिली होती, बहीण भेटली तर दे म्हणून, आणि मी ती मिठाच्या डब्याखाली ठेवून दिली होती. ती घेऊन मोठ्या इस्पितळात जायचं, पिवळ्या गोळीवाल्याकडे नाही. विचारतील तेव्हा हो म्हणायचं. गेला तेवढा गेला, तो परत येणार नाही, हे मी तुला गोड करून सांगणार नाही. उरलाय तो ठेव.

आणि मला उत्तर पाहिजे. कुओशीच्या आधीचा बाजार सतरा डिसेंबरला आहे, त्या दिवशी मी पोस्टाच्या पायरीवर बसलेली असेन आणि आमा माझ्याशेजारी. एकच ओळ लिही: दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसतं, की दिसत नाही. नाव घालून लिही, 'तसलं काही' लिहिलंस तर मी ते उत्तर धरणार नाही. खालती तुझा कारखान्यातला नंबर लिही. छान अक्षरवाल्या मुलीकडून काही लिहून घेऊ नकोस, सगळं तुझ्या हाताने, अक्षर कितीही मोठं झालं तरी चालेल. सतरापर्यंत आलं नाही, तर अठराच्या गाडीत मी आणि आमा बसलोय असं समज, आणि तुझ्या त्या दारवानासमोर आमा जे नाव घ्यायचं ते मोठ्याने घेईल.

सतरा डिसेंबर. उत्तर दे.

अना